गाणं पाचवरून नऊवर गेलं म्हणजे नेमकं काय झालं? आठवडी चार्ट कसा वाचावा

चार्टवरची, म्हणजे आठवड्यातल्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीतली, एक ओळ वाचायला घ्या. या आठवड्याचा क्रमांक ९, मागच्या आठवड्याचा ५, आजवरचा सर्वोच्च ३, आणि चार्टवरचा चौदावा आठवडा. ही ओळ बघून बहुतेकजण म्हणतील, गाणं आता उतरणीला लागलं. तसं असेलही. पण त्या आठवड्यात हेच गाणं आधीपेक्षा जास्त लोकांनी ऐकलं असणंही शक्य आहे. एकाच ओळीतून दोन उलटे अर्थ कसे निघतात, हे समजून घेतल्याशिवाय कुठल्याही चार्टच्या बातमीवर मत बनवू नये.

वर्गात एखाद्याचे गुण ७२ वरून ७५ होतात आणि तरीही त्याचा नंबर चौथ्यावरून सातवा येतो, कारण बाकीच्या तिघांनी त्याच्याहून जास्त अभ्यास केला. चार्टवरचा क्रमांक हा असा नंबर आहे, गुण नव्हेत. गुण, म्हणजे त्या आठवड्यात जमा झालेले पॉइंट, पडद्यामागे राहतात आणि आपल्यापर्यंत फक्त रांग पोचते. म्हणून गाणं चार जागा खाली आलं, तर पहिला प्रश्न 'याचं काय बिघडलं' हा नसावा. 'याच्या पुढे कोण आलं' हे आधी बघावं.

दुसरी गोष्ट, सगळ्या जागांमधलं अंतर सारखं नसतं. चार्टच्या टोकाला अंतरं मोठी असतात, तळाला अगदी बारीक. समजा पहिल्या गाण्याला १,००० पॉइंट आहेत, दुसऱ्याला ८२०, पाचव्याला ६००, साठाव्याला १५० आणि ऐंशीव्याला १३२ (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत). ऐंशीव्या गाण्याला फक्त १९ पॉइंट जास्त मिळाले, तर ते साठच्या घरात जाऊन बसेल. दुसऱ्या गाण्याला तेच १९ पॉइंट मिळाले तर त्याची जागा तसूभरही हलणार नाही. म्हणून '८० वरून ६० वर झेप' ही बातमी ऐकायला मोठी वाटली तरी '४ वरून २' हे बहुतेक वेळा कितीतरी अवघड काम असतं. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या हॉट १०० या शंभर गाण्यांच्या चार्टमध्ये जोर वाढलेल्या गाण्यांना 'बुलेट' नावाची खूण मिळते ती याच कारणाने. खाली सरकलेल्या गाण्यालाही बुलेट असू शकते, आणि तसं दिसलं तर समजावं की गाणं वाढतंय पण गर्दीत अडकलंय.

हा आठवडा कुठला आठवडा?

अमेरिकेतला हॉट १०० हा चार्ट ४ ऑगस्ट १९५८ पासून चालू आहे. त्याच्यावर छापलेली तारीख मात्र मोजणीची तारीख नसते. मोजणी शुक्रवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत चालते, यादी त्यानंतरच्या मंगळवारी बाहेर येते आणि तिच्यावर तारीख पडते ती त्याहीनंतरच्या शनिवारची. १८ जानेवारी २०२५ च्या चार्टमध्ये मोजलेलं ऐकणं ३ ते ९ जानेवारीचं आहे. एखाद्या मोठ्या कार्यक्रमाचा किंवा कलाकाराच्या निधनाचा परिणाम चार्टवर शोधायचा असेल, तर हा फरक मनात ठेवावाच लागतो, नाहीतर आपण चुकीच्या आठवड्यात शोधत बसतो.

शुक्रवार का? जुलै २०१५ पासून नवं संगीत जगभर शुक्रवारी प्रसिद्ध करायचं ठरलं आणि मोजणीचा आठवडाही त्याला जुळवून घेतला गेला. शुक्रवारी आलेल्या गाण्याला पहिल्या आठवड्यात पूर्ण सात दिवस मिळतात. मंगळवारी आलेल्याला मिळतात फक्त तीन. असं गाणं पहिल्या आठवड्यात ४० वर येतं आणि दुसऱ्या आठवड्यात १८ वर जातं, तेव्हा ती चढण बऱ्याच अंशी कॅलेंडरची असते. याच्या उलट, शुक्रवारी आलेलं गाणं दुसऱ्या आठवड्यात खाली येणं अगदी स्वाभाविक आहे. उत्सुकतेपोटी ऐकणारे सगळे पहिल्या दोन-तीन दिवसांत ऐकून मोकळे होतात. गाण्यात दम आहे की नाही हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याशिवाय कळत नाही, आणि पहिल्या आठवड्याच्या क्रमांकाला एवढं महत्त्व देणं मला तरी अनाठायी वाटतं.

तीन घटक, तीन वेग

हॉट १०० मध्ये तीन गोष्टी एकत्र होतात: स्ट्रीमिंग (इंटरनेटवरून गाणं थेट ऐकणं), रेडिओ आणि विक्री. गाण्याच्या हालचालीतला बहुतेक गोंधळ या तिघांचे वेग वेगवेगळे असल्यामुळे होतो.

स्ट्रीमिंग सगळ्यात चपळ. गाणं मध्यरात्री आलं की सकाळपर्यंत आकडे हलायला लागतात. पण प्रत्येक स्ट्रीमची किंमत सारखी नसते. २०१८ मध्ये बिलबोर्डने ठरवलेल्या हिशेबात पैसे भरणाऱ्या सभासदाने ऐकलं तर एक पॉइंट, जाहिरातींसह फुकट ऐकलं तर दोन-तृतीयांश, आणि श्रोत्याने स्वतः न निवडता एखाद्या ऑनलाइन रेडिओसारख्या सेवेने वाजवलं तर अर्धा, असं धरलं होतं. म्हणजे दोन गाणी सारख्याच वेळा ऐकली गेली, पण एकाचे श्रोते सभासद आहेत आणि दुसऱ्याचे फुकट ऐकणारे, तर पहिलं पुढे जातं. शिवाय स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय ते स्ट्रीम म्हणून धरलं जात नाही. सुरुवातीची लांबलचक प्रस्तावना ऐकून कंटाळलेला श्रोता पंचविसाव्या सेकंदाला पुढे गेला, तर ते ऐकणं हिशेबात शून्य. हल्लीची गाणी थेट मुखड्यावर येतात त्यामागे हेही एक कारण आहे.

रेडिओ संथ. इथे गाणं किती वेळा वाजलं एवढंच बघत नाहीत. प्रत्येक वेळी अंदाजे किती जण ऐकत होते, ते गुणून बेरीज करतात. मोठ्या शहरातल्या केंद्रावर सकाळी कामावर जायच्या वेळी एकदा वाजलेलं गाणं, छोट्या केंद्रावर मध्यरात्री अनेकदा वाजलेल्या गाण्याला भारी पडू शकतं. केंद्रं गाणं एकदम डोक्यावर घेत नाहीत. आधी दिवसातून थोड्या वेळा वाजवून बघतात, श्रोते वैतागत नाहीत ना याची चाचपणी करतात आणि मग फेऱ्या वाढवतात. त्यामुळे रेडिओचा जोर पुष्कळदा स्ट्रीमिंगचा बहर ओसरल्यावर येतो. एकदा तो आला की लवकर जात नाही. एखादं गाणं १४, १५, १३, १४, १६ असं महिनोन्महिने एकाच परिसरात घुटमळताना दिसलं, तर खालून रेडिओने धरून ठेवलंय असा अंदाज बहुधा बरोबर निघतो.

विक्री, म्हणजे गाणं विकत घेऊन डाउनलोड करणं किंवा त्याची सीडी, रेकॉर्ड घेणं, आता आकाराने लहान झाली आहे. पण एक विक्री अनेक स्ट्रीमच्या बरोबरीची धरली जाते, म्हणून थोड्या दिवसांत ती मोठा धक्का देऊ शकते. संघटित चाहते एकाच आठवड्यात खरेदी करतात, गाणं थेट पहिल्या क्रमांकावर उतरतं आणि पुढच्या आठवड्यात कोसळतं, कारण विकत घेतलेलं गाणं कोणी दर आठवड्याला पुन्हा विकत घेत नाही. दक्षिण कोरियाच्या जिमिनचं 'लाइक क्रेझी' एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलं आणि पुढच्याच आठवड्यात ४५ वर गेलं. याचा अर्थ लोकांना गाणं आवडेनासं झालं असा काढणं अन्यायाचं ठरेल. त्याच्या पॉइंटमधला विक्रीचा वाटा मोठा होता, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

ब्रिटनच्या अधिकृत सिंगल्स (सुट्या गाण्यांच्या) चार्टमध्ये रेडिओ धरतच नाहीत. तिथे फक्त विक्री आणि स्ट्रीमिंग. एकच गाणं अमेरिकेत हळूहळू चढतं आणि ब्रिटनमध्ये झरझर वर जाऊन तितक्याच झरझर उतरतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मोठी झेप घडते कशी

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण केली क्लार्कसनचं. २००९ च्या सुरुवातीला तिचं 'माय लाइफ वुड सक विदाउट यू' हॉट १०० मध्ये ९७ वर होतं आणि पुढच्या आठवड्यात, ७ फेब्रुवारीच्या चार्टवर, १ वर. ९६ जागा एका आठवड्यात. जादू काहीच नव्हती. पहिल्या आठवड्यात गाणं फक्त रेडिओवर वाजत होतं, विकायला आलेलंच नव्हतं. त्यामुळे रेडिओच्या थोड्याशा पॉइंटवर ते तळाशी दिसलं. मग डाउनलोड विक्री सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात साधारण २ लाख ८० हजार प्रती गेल्या. मधल्या काळात लोकांचं मत पालटलं असं काही झालेलं नाही. तीनपैकी एक घटक आधी सुरू झाला आणि दुसरा आठवडाभराने, एवढीच ती गोष्ट. काही महिनेच आधी, २००८ मध्ये, ब्रिटनी स्पिअर्सचं 'वुमनायझर' याच रीतीने ९६ वरून १ वर गेलं होतं.

आता अशा झेपा कमी दिसतात, कारण गाणं रेडिओला, स्ट्रीमिंगला आणि विक्रीला एकाच क्षणी खुलं होतं. त्याऐवजी आता पुन्हा उसळी मारणारी गाणी जास्त दिसतात. केन्ड्रिक लामारचं 'नॉट लाइक अस' शनिवारी, ४ मे २०२४ रोजी आलं, म्हणजे मोजणीचा आठवडा सुरू होऊन गेल्यावर, आणि अपुऱ्या आठवड्यातही पहिल्या क्रमांकावर उतरलं. मग खाली आलं. जुलैमध्ये त्याचा व्हिडिओ आला तेव्हा पुन्हा १. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात त्याने ते गायलं आणि गाणं तिसऱ्यांदा १ वर गेलं. असा उलटा वळसा दिसला की मधल्या आठवड्यात काय घडलं हे शोधायचं: व्हिडिओ, दुसऱ्या गायकाबरोबरची नवी आवृत्ती, पुरस्कार सोहळा, मालिकेतला वापर. कारण जवळजवळ नेहमी सापडतं.

घसरण: स्वतःची आणि दुसऱ्यांनी घडवलेली

मोठ्या कलाकाराचा अल्बम आला की त्यातली सगळी गाणी एकदम चार्टवर येतात, कारण लोक अख्खा अल्बम ऐकतात आणि प्रत्येक गाण्याचे स्ट्रीम वेगळे मोजले जातात. टेलर स्विफ्टच्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'च्या सर्वच्या सर्व ३१ गाण्यांनी ४ मे २०२४ च्या हॉट १०० मध्ये जागा घेतली आणि पहिले १४ क्रमांक तिचेच होते. म्हणजे आदल्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर असलेलं गाणं तेवढ्याच जोरात ऐकलं गेलं असतं, तरी त्याला १५ च्या वर जागाच नव्हती. तळाशी असलेल्या गाण्यांवर तर आणखी वाईट वेळ येते. ती सरळ यादीबाहेर ढकलली जातात. दोन-तीन आठवड्यांनी त्या अल्बममधली बरीचशी गाणी निघून जातात आणि जुनी गाणी 'चढताना' दिसतात. ही चढणही तितकीच फसवी.

ब्रिटनने यावर नियम केला. मार्च २०१७ मध्ये एड शीरनची १६ गाणी पहिल्या वीसमध्ये होती. त्याच वर्षी जुलैपासून एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी चार्टमध्ये धरली जाऊ लागली. त्यामुळे एकाच अल्बमची बातमी अमेरिकेत 'बारा गाणी चार्टवर' आणि ब्रिटनमध्ये 'तीन गाणी' अशी येते. दोन्ही आकड्यांची तुलना करून लोकप्रियतेचा निष्कर्ष काढणं व्यर्थ आहे.

डिसेंबरचं गणित आणखी निराळं. नाताळची गाणी दरवर्षी परततात आणि चार्टचा वरचा भाग व्यापतात. मरिया कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' १९९४ चं, पण ते पहिल्या क्रमांकावर आलं डिसेंबर २०१९ मध्ये. १९९४ च्या सुमारास हॉट १०० मध्ये येण्यासाठी गाणं स्वतंत्र सिंगल म्हणून विकायला असणं आवश्यक होतं. ती अट १९९८ च्या डिसेंबरात गेली आणि स्ट्रीमिंगच्या काळात खऱ्या अर्थाने रस्ता मोकळा झाला. ४ जानेवारी २०२० च्या चार्टवर हे गाणं १ होतं, पुढच्या आठवड्यात चार्टवरच नव्हतं. १ वरून २०, मग ६० असं टप्प्याटप्प्याने का उतरलं नाही? कारण जुन्या गाण्याला हॉट १०० मध्ये परत यायचं तर पहिल्या ५० मध्ये बसावं लागतं. ५१ वर जाण्याइतके पॉइंट असले तरी ते दाखवलं जात नाही. अशा आठवड्यांत नवी गाणी दबतात. टेलर स्विफ्टचंच 'विलो' २०२० च्या अखेरीस १ वरून ३८ वर गेलं, त्याला पहिल्या आठवड्यातली ओसरलेली विक्री जितकी कारण होती तितकीच नाताळची गर्दीही. नव्या गाण्याची डिसेंबरातली चाल बघून त्याचं भवितव्य ठरवू नये. जानेवारीचा दुसरा-तिसरा चार्ट येईपर्यंत थांबावं.

गाणं गेलं नाही, काढलं गेलं

चार्टवरून गायब होण्याचं एक कारण लोकांच्या आवडीशी जवळजवळ संबंधच ठेवत नाही: नियम. जुन्या गाण्यांनी जागा अडवून धरू नये म्हणून हॉट १०० मध्ये वयाची मर्यादा आहे. बरीच वर्षं ती अशी होती: वीस आठवडे झाल्यावर गाणं ५० च्या खाली गेलं की बाहेर, आणि ५२ आठवडे झाल्यावर २५ च्या खाली गेलं की बाहेर. पण स्ट्रीमिंगमुळे गाणी वर्ष-दीड वर्ष पहिल्या पंचविसात ठाण मांडू लागली. ग्लास अॅनिमल्सच्या 'हीट वेव्ह्ज'ला पहिल्या क्रमांकावर पोचायलाच ५९ आठवडे लागले आणि ते एकूण ९१ आठवडे टिकलं. टेडी स्विम्सचं 'लूज कंट्रोल' ११२ आठवड्यांपर्यंत गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिलबोर्डने नियम आवळले. आता २६ आठवडे झालेलं गाणं २५ च्या खाली, ५२ आठवडे झालेलं १० च्या खाली आणि ७८ आठवडे झालेलं ५ च्या खाली गेलं की यादीतून निघतं. वीस आठवडे आणि ५० ही जुनी मर्यादा कायम आहे. ज्या आठवड्यात हा बदल लागू झाला, त्या आठवड्यात कित्येक गाणी एकदम वर सरकली. त्यांच्या ऐकण्यात काहीच फरक पडलेला नव्हता, फक्त पुढची रांग विरळ झाली होती.

ब्रिटनची रीत वेगळी आणि माझ्या मते जास्त लपलेली आहे. तिथे २०१८ पासून सभासदांचे १०० स्ट्रीम किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ६०० स्ट्रीम मिळून एक विक्री धरतात. पण गाणं चार्टवर साधारण दहा आठवडे झालेलं असेल आणि सलग तीन आठवडे उतरत असेल, तर त्याचा भाव बदलतो. तेव्हापासून २०० आणि १,२०० स्ट्रीम मिळून एक विक्री. हिशेब करून बघा. एका आठवड्यात ४० लाख सभासद-स्ट्रीम आणि १२ लाख फुकट स्ट्रीम असलेलं गाणं पहिल्या दराने ४०,००० अधिक २,०००, म्हणजे ४२,००० विक्रीचं ठरतं. दर बदलला की तेवढंच ऐकणं २०,००० अधिक १,०००, म्हणजे २१,००० वर येतं. श्रोता एकही कमी झाला नाही, आकडा निम्मा झाला. ब्रिटिश चार्टवर एखादं गाणं ४, ५, ६ असं सावकाश उतरताना अचानक २० च्या पलीकडे दिसलं, तर नव्याण्णव टक्के वेळा हाच प्रकार असतो.

जुन्या गाण्यांना तर हा कमी दर सुरुवातीपासूनच लागतो. म्हणूनच केट बुशचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे पुन्हा उसळलं, तेव्हा त्याला खास बाब म्हणून नव्या गाण्याचा दर दिला गेला. तो मिळाल्यावर जूनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं, ३७ वर्षांनी. ऐकणारे आधीच भरपूर होते, नियमाने त्यांना अर्धं मोजलं होतं.

जुन्या काळाशी तुलना

'साठच्या दशकात अमुक गाण्याने जे केलं ते आज कोणी करत नाही' अशी वाक्यं वाचताना मोजणीची पद्धत आधी विचारावी. ब्रिटनमधला पहिला चार्ट नोव्हेंबर १९५२ मध्ये निघाला तो सुमारे वीस दुकानांना फोन करून. अमेरिकेत १९९१ पर्यंत दुकानदार आपल्याकडे काय खपतंय त्याची क्रमवारी सांगायचे, खपाचा नेमका आकडा नव्हे. दुकानदाराची आवड, कंपनीच्या प्रतिनिधीची ओळख, साठा संपवायची घाई, सगळं त्यात मिसळायचं. नवं गाणं आलं की जुन्याचं नाव खाली टाकायची सवय होती. म्हणून त्या काळचे चार्ट सुबक चढण आणि सुबक उतरण दाखवतात. १९९१ मध्ये बिलांवरच्या बारकोडवरून साउंडस्कॅन या यंत्रणेने विक्री मोजायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचं) आणि रॅप संगीत आधी मानलं जायचं त्याहून कितीतरी जास्त खपत होतं, आणि लोक एकच गाणं महिनोन्महिने घेत होते. हॉट १०० मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरणारं पहिलं गाणं मायकल जॅक्सनचं 'यू आर नॉट अलोन', सप्टेंबर १९९५ चं. त्याआधी ३७ वर्षं कोणाला ते जमलं नाही, यात कलाकारांपेक्षा मोजपट्टीचा हात जास्त होता.

चार्ट वाचताना मग क्रम असा ठेवावा. एखाद्या गाण्याची हालचाल दिसली की आधी त्याच्या वर नव्याने आलेली गाणी मोजा. पाच जागा खाली आलेल्या गाण्याच्या पुढे सात नवी गाणी शिरली असतील, तर प्रत्यक्षात ते दोन जागा वर गेलंय. त्यानंतर गाण्याचं वय बघा: दुसरा आठवडा असेल तर घसरण साहजिक, विसावा ओलांडला असेल तर नियम तपासा. मग प्रसिद्धीचा वार. मग फक्त स्ट्रीमिंगचा, फक्त रेडिओचा आणि फक्त विक्रीचा असे जे वेगळे चार्ट निघतात, त्यात तेच गाणं कुठे आहे ते पाहा. मुख्य यादीत खाली आलेलं गाणं रेडिओच्या यादीत अजून चढत असेल, तर त्याचे बरेच आठवडे शिल्लक आहेत. तीन्ही याद्यांत एकदम खाली येत असेल, तेव्हाच ते खरोखर उतरणीला लागलंय.